सही एका नेटवर्कशी, कपात भलत्याच प्लॅनकडून: प्रोव्हायडर काँट्रॅक्ट भाड्याने देण्याचे अमेरिकेतले नियम

मृणाल_फ्रीमॉन्ट

नमस्कार मंडळी. अमेरिकेत स्वतःचा दवाखाना चालवणारे, किंवा घरच्यांच्या दवाखान्याचं बिलिंग सांभाळणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून हा विषय मुद्दाम मांडतेय. मी नवऱ्याच्या डेंटल ऑफिसचं बिलिंग बघते. ज्या विमा प्लॅनशी आमचा कसलाही करार नाही, तो प्लॅन आम्हाला बिनदिक्कत ‘इन-नेटवर्क’ (म्हणजे करार करून कमी दर मान्य केलेले) धरून पैसे कापतो, असं गेल्या काही महिन्यांत वारंवार दिसायला लागलंय.

एक ईओबी (क्लेमचा हिशोब दाखवणारा प्लॅनचा कागद) सांगते (आकडे समजायला सोपे म्हणून गोल केलेत). क्राऊन (दातावरची टोपी), कोड डी२७४०. आमची फी १६०० डॉलर. प्लॅन आमच्यासाठी आउट-ऑफ-नेटवर्क. पेशंटला तसं आधीच सांगितलेलं, तिने त्यानुसार एस्टिमेटवर सहीसुद्धा केलेली. ईओबी आला तर ‘अलाऊड’च्या (मान्य फीच्या) रकान्यात ८४०, ‘प्रोव्हायडर राइट-ऑफ’ (आम्ही सोडून द्यायची रक्कम) ७६०, आणि ही ७६० ची रक्कम पेशंटकडून घेऊ नये अशी सूचना. पान संपता संपता, रिमार्क कोडच्या खाली, बारीक अक्षरात एक तीन अक्षरी नाव. ते नाव आमच्या ओळखीचं निघालं. त्या नेटवर्कशी आमचा जुना करार आहे, पण तो आम्ही केला होता एका वेगळ्याच कंपनीच्या नोकरदारांसाठी.

म्हणजे झालं असं. त्या नेटवर्कने आमचं काँट्रॅक्ट दुसऱ्याला ‘लीज’वर दिलं, म्हणजे चक्क भाड्याने दिलं. भाडं नेटवर्कला मिळालं, सवलत प्लॅनला मिळाली, आणि ७६० डॉलर आमच्या खिशातून गेले. आम्हाला पत्र नाही, ईमेल नाही, काही नाही. फोन केला तर प्लॅन म्हणतो नेटवर्कला विचारा, नेटवर्क म्हणतं प्लॅनला विचारा.

मेडिकलमध्ये या प्रकाराला ‘सायलेंट पीपीओ’ (पीपीओ म्हणजे सवलतीच्या दराने काम करणाऱ्या डॉक्टरांचं नेटवर्क) म्हणतात आणि नव्वदच्या दशकापासून डॉक्टर मंडळी त्याविरुद्ध भांडतायत. डेंटलमध्ये बहुतेक सगळे ‘नेटवर्क लीजिंग’ म्हणतात.

आता मूळ मुद्दा. डॉक्टर पीपीओला सवलत का देतो? कारण बदल्यात पेशंट मिळतात. नेटवर्क त्याचं नाव डिरेक्टरीत छापतं, पेशंटला सांगतं की याच्याकडे गेलात तर तुमचा को-पे (स्वतः भरायचा वाटा) कमी. सवलत ही त्या पेशंटची किंमत आहे. ज्या प्लॅनने आमचं नाव कुठे छापलं नाही, आमच्याकडे एकही माणूस पाठवला नाही, त्याला सवलत कशापोटी? पेशंट आमच्याकडे मैत्रिणीच्या सांगण्यावरून आली होती.

कॅलिफोर्नियाने हाच विचार कायद्यात घातलाय. २००० सालापासून इथे नियम आहे की काँट्रॅक्ट करतानाच डॉक्टरला सांगायला हवं की ही यादी पुढे विकली, भाड्याने दिली किंवा हस्तांतरित केली जाऊ शकते का. सवलत घेणारा प्लॅन आपल्या सभासदांना त्या यादीतले डॉक्टर वापरायला खरोखर प्रोत्साहन देतो का, म्हणजे डिरेक्टरी देतो का, पैशांचा फायदा देतो का, हेही उघड करावं लागतं. जे प्लॅन असं काही करत नाहीत त्यांच्या यादीतून आपलं नाव काढून घेण्याचा हक्क डॉक्टरला आहे. आणि सगळ्यात कामाचं कलम: डॉक्टरने लेखी विचारलं की ‘माझ्या काँट्रॅक्टचा दर लावायचा तुम्हाला अधिकार कुठून आला ते दाखवा’, तर प्लॅनला ३० कामाच्या दिवसांत ते दाखवावं लागतं. नाही दाखवलं तर सवलत न धरता पॉलिसीप्रमाणे होणारी रक्कम द्यायची, आणि पुढे अधिकार सिद्ध करेपर्यंत त्या डॉक्टरच्या लेखी संमतीशिवाय सवलत कापायची नाही.

शिवाय डेंटलसाठी स्वतंत्र कायदा २०१९ मध्ये झाला, एबी ९५४. त्याबद्दल खाली सविस्तर लिहीन. आधी तुमच्या राज्यांत काय चालतं ते ऐकायचंय.

---

कोलंबसकर

मृणालताई, फार गरजेचा धागा. आमच्याकडे ओहायोत २००८ पासून यावर कायदा आहे, हाउस बिल १२५. माझी बायको फॅमिली फिजिशियन, पण या कायद्यात ‘प्रोव्हायडर’मध्ये डेंटिस्ट, पोडायट्रिस्ट, कायरोप्रॅक्टर, ऑप्टोमेट्रिस्ट सगळे येतात.

त्यातला गाभा सांगतो. तुमचं काँट्रॅक्ट तिसऱ्याला विकायचं किंवा भाड्याने द्यायचं असेल, तर ‘हे काँट्रॅक्ट नेटवर्क रेंटलसाठीही वापरलं जाईल आणि तो त्याच्या उद्देशांपैकी एक आहे’ असं काँट्रॅक्टमध्येच स्पष्ट लिहिलेलं हवं. मोघम ‘आणि आमचे इतर ग्राहक’ एवढ्यावर भागत नाही. भाड्याने घेणाऱ्यांची यादी वेबपेजवर ठेवायची, किमान दर सहा महिन्यांनी ताजी करायची, नाहीतर टोल-फ्री नंबर द्यायचा. आणि भाडेकरू प्लॅनला मूळ काँट्रॅक्टच्या सगळ्या अटी लागू. सवलत तेवढी घ्यायची आणि वेळेत पैसे देण्याची अट सोडायची, हे चालत नाही.

अजून एक, जे बहुतेकांना माहीत नसतं. ओहायोत काँट्रॅक्टमध्ये महत्त्वाचा बदल करायचा असेल तर ९० दिवस आधी लेखी नोटीस लागते. ती मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत लेखी हरकत घेता येते, आणि मार्ग निघाला नाही तर करार संपवता येतो. ही पाकिटं जाहिरातीसारखी दिसतात. आमच्या ऑफिसात ती सरळ रिसायकलच्या डब्यात जायची. आता असं प्रत्येक पाकीट उघडून त्यावर आल्याची तारीख टाकायची, असा नियम केलाय. १५ दिवस फार पटकन जातात.

---

अनघा_पीटी

मी न्यू जर्सीत फिजिओथेरपिस्ट आहे, एकटीची प्रॅक्टिस. आम्हाला हे वर्कर्स कॉम्प (कामावरच्या दुखापतीचा विमा) आणि ऑटो अपघाताच्या केसेसमध्ये जाम भोगावं लागतं. बिल पाठवलं की मधला ‘रिप्रायसर’ कुठल्यातरी नेटवर्कचं नाव टाकून दर खाली आणतो. माझा प्रश्न असा: मी काँट्रॅक्ट केलं तेव्हा ग्रुप हेल्थ प्लॅनसाठी केलं. तेच वर्कर्स कॉम्पला कसं लावतात?

---

मंजिरी_प्लेनो

अनघा, तुझ्या काँट्रॅक्टमध्ये ‘पेयर’ची (पैसे देणाऱ्याची) व्याख्या काढून वाच. सगळी गोम तिथे असते. ‘कोणताही विमा कार्यक्रम, ज्यात वर्कर्स कॉम्पेन्सेशन व ऑटो समाविष्ट’ असं व्याख्येतच घुसवलेलं असतं, आणि ती व्याख्या पहिल्या पानावर नसते, मागच्या एखाद्या एक्झिबिटमध्ये (परिशिष्टात) असते.

आमच्या टेक्ससमध्ये २०१३ साली इन्शुरन्स कोडमध्ये नवं प्रकरण आलं, १४५८ क्रमांकाचं. मला त्यातली एक गोष्ट मनापासून आवडते. व्यवसायाच्या प्रत्येक प्रकारासाठी, म्हणजे कमर्शियल वेगळं, मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेज (मुख्यतः ज्येष्ठांसाठी) वेगळं, मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांसाठी) वेगळं, चिल्ड्रन्स हेल्थ इन्शुरन्स वेगळं, अशी डॉक्टरची संमती स्वतंत्र सहीच्या ओळींवर घ्यावी लागते. एका सहीत सगळं गुंडाळता येत नाही. असे करार करून ते पुढे देणाऱ्या कंपन्यांना राज्याच्या इन्शुरन्स डिपार्टमेंटकडे नोंदणीही करावी लागते. मी ज्या पेडियाट्रिक ऑफिसचं क्रेडेन्शियलिंग (डॉक्टरांची नेटवर्कमध्ये नोंदणी) करते तिथे मी सहीच्या पानावर नको त्या ओळींवर आडवी रेघ मारते, शेजारी आद्याक्षरं आणि तारीख घालते, मग स्कॅन करून पाठवते. ओळ नुसती कोरी ठेवलेली मला पटत नाही.

---

साधा_पेशंट

मी डॉक्टर नाही, आयटीवाला. वाचून थोडं वेगळं वाटलं म्हणून विचारतो, राग मानू नका. पेशंट म्हणून मला १६०० ऐवजी ८४० लागले तर चांगलंच की. छोट्या कंपनीचा प्लॅन असेल तर तिला स्वतःचं नेटवर्क उभारता येत नाही, ती भाड्याने घेणारच. त्यात वाईट काय?

---

मृणाल_फ्रीमॉन्ट

@साधा_पेशंट, राग कसला, योग्यच प्रश्न आहे. भाड्याने घेण्यात वाईट काही नाही, आणि मला माहीत असलेल्या या कुठल्याही कायद्याने लीजिंगवर बंदी घातलेली नाही. छोट्या कंपन्यांच्या नोकरदारांना त्याचा उपयोग होतो हे खरं. मागणी एवढीच आहे की आधी सांगा, विचारा, आणि नाव छापा.

आता पेशंटच्या बाजूने बघा. तुम्हाला तुमच्या प्लॅनच्या डिरेक्टरीत आमचं नाव दिसलं असतं, तर आधीच कळलं असतं की इथे कमी लागतील. सायलेंट प्रकारात ते कळतच नाही. तुम्ही आउट-ऑफ-नेटवर्क समजून पूर्ण पैशांची तयारी करून येता, किंवा परवडणार नाही म्हणून येतच नाही. सवलत उगवते ती उपचार झाल्यावर, प्लॅनच्या हिशोबात. आमच्या पेशंटचा प्लॅन क्राऊनचे ५० टक्के देतो. १६०० ग्राह्य धरले असते तर प्लॅनला ८०० द्यावे लागले असते, आता ४२० मध्ये भागलं. पेशंटचेही वाचले, मान्य. पण आउट-ऑफ-नेटवर्क कुठेही जाता यावं म्हणून ती दरमहा जास्त प्रीमियम भरत होती, त्याचं काय?

आणि दवाखान्याच्या बाजूनेही सांगते. क्राऊन बनवणारी लॅब तिचे पैसे पूर्ण घेते. हायजिनिस्टचा पगार ठरलेला. सवलत आधी माहीत असेल तर आम्ही हिशोब करून ती घेतो किंवा नाकारतो. नंतर कळली तर काहीच हातात राहत नाही.

---

श्रीरंग_डेंटल

माझंही ऑफिस बे एरियातच आहे, आणि हेच चाललंय. आपल्या भागात मराठी-गुजराती-तेलुगू मिळून किती तरी डेंटिस्ट आहोत. सगळ्यांनी एकाच दिवशी त्या नेटवर्कला नोटीस द्यायची की लीजिंग बंद करा, नाहीतर आम्ही सगळे बाहेर पडतो. एकेकट्याचं कोण ऐकतंय? कोणाकोणाला कुठल्या नेटवर्ककडून किती दर मिळतो त्याची एक शीट पण करू या. मी बनवतो.

---

हेमंत_हेल्थलॉ

श्रीरंग, थांबा. कृपया ती शीट बनवू नका. मी हेल्थकेअर काँट्रॅक्ट्सचं काम करतो, म्हणून तातडीने लिहितोय. (हा कायदेशीर सल्ला समजू नये, तुमच्या राज्यातला वकील गाठा.)

स्वतंत्र व्यवसाय करणारे डॉक्टर एकमेकांचे स्पर्धक धरले जातात. त्यांनी मिळून दर ठरवणं किंवा मिळून बहिष्काराची धमकी देणं हे शर्मन अ‍ॅक्टखाली येतं. तो अँटिट्रस्टचा, म्हणजे स्पर्धा मारणाऱ्या संगनमताविरुद्धचा कायदा, १८९० पासून आहे. अ‍ॅरिझोनातल्या मॅरिकोपा काउंटीच्या डॉक्टरांनी मिळून कमाल फी ठरवली होती, जास्तीत जास्त किती घ्यायची ती. तरी १९८२ साली सुप्रीम कोर्टाने ती बेकायदा ठरवली. इंडियानाच्या डेंटिस्टांच्या संघटनेने ठरवलं की इन्शुरन्स कंपन्यांना क्लेमसोबत एक्स-रे पाठवायचे नाहीत. पेशंटच्या हितासाठी करतोय असं त्यांचं म्हणणं होतं. फेडरल ट्रेड कमिशन त्यांच्यामागे लागलं आणि १९८६ साली सुप्रीम कोर्टात डेंटिस्ट हरले. तुमचा राग रास्त आहे, पण हा रस्ता धोक्याचा आहे.

काय करता येतं? प्रत्येकाने आपापलं पत्र पाठवावं, आपापला निर्णय घ्यावा. डेंटल असोसिएशनमार्फत आमदारांकडे कायदा मागणं पूर्ण वैध आहे. बहुतेक राज्यांत हे कायदे असेच आले. राज्यांच्या आमदारांची एनकॉइल नावाची संस्था आहे. तिने २००८ मध्ये भाड्याच्या नेटवर्कसाठी नमुना कायदा केला आणि २०२० मध्ये खास डेंटलसाठी दुसरा. नमुना कायद्याला स्वतःची सक्ती नसते, राज्याने तो मंजूर करावा लागतो. त्यामुळे राज्याची वेस ओलांडली की हक्क बदलतात.

कोर्टाचं म्हणाल तर २००१ चा एक निकाल जुना असला तरी उपयोगी आहे. जॉर्जियातलं एचसीए या हॉस्पिटल कंपनीचं हॉस्पिटल विरुद्ध एम्प्लॉयर्स हेल्थ इन्शुरन्स, अकराव्या सर्किटचं फेडरल अपील कोर्ट. हॉस्पिटलचा करार एका नेटवर्कशी, तिथून मधल्यामार्फत साखळीने सवलत इन्शुरन्स कंपनीपर्यंत पोचलेली. कोर्टाने कंपनीला ती सवलत नाकारली. असा वाद आला की मी आधी साखळीतल्या प्रत्येक कडीचा कागद मागतो. कुठे ना कुठे एखाद्या कराराने पुढे देण्याचा अधिकार दिलेलाच नसतो.

---

कोलंबसकर

हेमंतराव, सेल्फ-फंडेड (कंपनी स्वतःच क्लेम देते अशा) प्लॅनचं काय? आमच्याकडे प्रत्येक वेळी ‘आम्ही एरिसाखाली (नोकरीतल्या लाभांच्या फेडरल कायद्याखाली) येतो, राज्याचा कायदा आम्हाला लागू नाही’ असं उत्तर येतं आणि फोन ठेवतात.

---

हेमंत_हेल्थलॉ

अर्ध खरं आहे. १९७४ च्या एरिसा कायद्यामुळे, कंपनी स्वतःच्या तिजोरीतून नोकरदारांचे क्लेम देत असेल तर त्या प्लॅनला राज्याचे इन्शुरन्स कायदे थेट लावता येत नाहीत. अमेरिकेत नोकरीतून विमा असलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक अशा प्लॅनमध्ये आहेत, म्हणून हा प्रश्न मोठा. पण तुमचं काँट्रॅक्ट नेटवर्क कंपनीशी आहे, आणि ती राज्यातच धंदा करते. तिने तुमची सही पुढे कशी दिली हा तिच्या आणि तुमच्यातला प्रश्न आहे. म्हणून पत्र दोघांना पाठवा, प्लॅनला आणि नेटवर्कलाही. फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा: प्लॅन फुली इन्शुअर्ड (क्लेम इन्शुरन्स कंपनी देते) की सेल्फ-फंडेड? उत्तर देणाऱ्याचं नाव आणि कॉलचा रेफरन्स नंबर लिहून घ्या.

---

अनघा_पीटी

मंजिरी, व्याख्या काढली. तू म्हणालीस तस्संच. एक्झिबिट सीमध्ये, ‘पेयर’मध्ये वर्कर्स कॉम्प आणि ऑटो दोन्ही आहेत. रिन्यूअल आपोआप होतं, ९० दिवस आधी कळवलं तर बाहेर पडता येतं. त्या तारखेची खूण कॅलेंडरवर केली.

हेमंत, अजून एक प्रश्न. काँट्रॅक्टमध्ये गोपनीयतेचं कलम आहे. मग मी ते काँट्रॅक्ट माझ्या वकिलाला तरी दाखवू शकते का?

---

हेमंत_हेल्थलॉ

वकील आणि अकाउंटंट यांना दाखवायला बहुतेक करारांत मुभा असते, कलम वाचून खात्री करा. दुसऱ्या फिजिओला फी शेड्यूल दाखवणं मात्र करारभंगही होऊ शकतो आणि वर लिहिलेला अँटिट्रस्टचा धोकाही येतो.

तुम्ही मेडिकलमध्ये आहात म्हणून सांगतो, तुम्हाला एक खिडकी उघडी आहे. १ जुलै २०२२ पासून ग्रुप प्लॅन आणि इन्शुरन्स कंपन्यांना त्यांचे ठरलेले दर मशीन वाचू शकेल अशा फायलींत जाहीर करावे लागतात. फायली प्रचंड असतात, पण तुमच्या एनपीआय नंबरने (प्रोव्हायडरच्या राष्ट्रीय ओळख क्रमांकाने) शोधून देणाऱ्या सेवा आहेत. ज्या प्लॅनच्या फायलीत तुमचा एनपीआय दिसतो पण ज्याच्याशी तुमचा थेट करार नाही, तिथे काँट्रॅक्ट कुठून आलं हे विचारायला हवं. यात वर्कर्स कॉम्प आणि ऑटो येत नाहीत. वेगळ्या विकल्या जाणाऱ्या डेंटल प्लॅनलाही हा नियम लागू नाही, त्यामुळे मृणाल आणि श्रीरंग यांना ही सोय नाही.

---

सदाशिव_बिलिंग (पुणे)

मी पुण्यात एका हॉस्पिटलच्या कॅशलेस डेस्कवर काम करतो. वाचून आश्चर्य वाटलं. आपल्याकडे दरांवरून भांडणं कमी नाहीत, पण करार साधारणपणे विमा कंपनी, टीपीए (विमा कंपनीचे क्लेम हाताळणारी संस्था) आणि हॉस्पिटल अशा तिघांच्या सह्यांचा असतो, त्यामुळे कोण कापतंय ते माहीत असतं. सरकारी विमा कंपन्यांचं पीपीएन (त्यांच्या पसंतीच्या हॉस्पिटलांचं नेटवर्क) पॅकेज लावतात तेव्हाही ते मान्य करून हॉस्पिटल आत गेलेलं असतं. जानेवारी २०२४ मध्ये ‘कॅशलेस एव्हरीव्हेअर’ आलं, नेटवर्कबाहेरच्या हॉस्पिटललाही कॅशलेस, ठरलेल्या उपचारासाठी ४८ तास आधी आणि इमर्जन्सीत दाखल झाल्यापासून ४८ तासांत कळवायचं. तिथे दर काय धरायचा यावर आमच्याकडेही ओढाताण सुरू आहे, म्हणून हा धागा लक्ष देऊन वाचतोय.

---

मृणाल_फ्रीमॉन्ट

सदाशिवदादा, तीन सह्यांची पद्धत इथे असती तर हा धागा काढावाच लागला नसता.

आता कबूल केल्याप्रमाणे डेंटलचे नियम. एनकॉइलचा २०२० चा नमुना आणि आमचा एबी ९५४ यांचा सांगाडा बराच सारखा आहे. मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते असं की इन्शुरन्स कंपनीच स्वतःचं डेंटल नेटवर्क भाड्याने देत असेल, तर करार करताना, त्याचं नूतनीकरण होताना किंवा त्यात महत्त्वाचा बदल होताना डेंटिस्टला ‘तिसऱ्याला प्रवेश नको’ असं म्हणता येतं. नमुना कायद्यात पुढे हेही लिहिलंय की नाही म्हटलं म्हणून कंपनीने करार तोडायचा नाही, आणि लीजिंग नाकारलं म्हणून पात्र डेंटिस्टला नेटवर्कमध्ये घ्यायचं टाळायचं नाही. हे शेवटचं नसतं तर हक्क कागदावरच राहिला असता, कारण ‘सगळं घ्या नाहीतर चालू पडा’ हेच आतापर्यंत ऐकवलं जायचं.

बाकी भाडेकरूंची यादी वेबसाइटवर, दर ९० दिवसांनी ताजी. ईओबीवर सवलत कुठल्या काँट्रॅक्टमधून आली त्याचं नाव. आणि मागितल्यावर ३० दिवसांत, क्लेम ठरवताना वापरलेल्या काँट्रॅक्टची प्रत. एकाच मालकीच्या संलग्न कंपन्या आणि एकाच ब्रँडचे परवानाधारक यांना सूट आहे, ती पळवाट मोठी आहे. कंपन्या एकमेकींना विकत घेतात आणि कालचा परका प्लॅन आज ‘संलग्न’ होतो.

मी पाठवलेल्या पत्राचा मजकूर (मूळ अर्थातच इंग्रजीत):

‘अमुक क्लेम क्रमांकावर आपण आमच्या फीमधून अमुक रक्कम करारातील सवलत म्हणून वजा केली आहे. आमचा आपल्याशी थेट करार नाही. कृपया लेखी कळवावे: १) कोणत्या नेटवर्कच्या कोणत्या तारखेच्या काँट्रॅक्टवर ही सवलत आधारित आहे, त्याची प्रत. २) त्या नेटवर्ककडून आपल्याला हा अधिकार कोणत्या तारखेपासून मिळाला. ३) आपल्या सभासदांना दिलेल्या डिरेक्टरीत या ऑफिसचे नाव सेवेच्या तारखेला होते का. कायद्याने ठरवलेल्या मुदतीत अधिकार न दाखवल्यास क्लेम सवलतीशिवाय पुन्हा निकाली काढावा.’

खाली कायद्याचं कलम, एनपीआय, टॅक्स आयडी. सर्टिफाइड मेलने, पोच मागवून. नेटवर्कला वेगळं पत्र: तुमच्या सगळ्या भाडेकरूंची आजची यादी द्या, आणि पुढच्या नूतनीकरणापासून आमचा तिसऱ्यांना नकार नोंदवा.

तीन नंबरच्या प्रश्नावर प्लॅन गडबडला. डिरेक्टरीत नाव नव्हतंच. क्लेम पुन्हा निकाली निघाला, सवलत काढून. नेटवर्ककडून आलेली यादी मात्र बघून मी हबकले, दीड पान भरून नावं होती आणि त्यातली निम्मी आम्ही कधी ऐकलीही नव्हती.

---

श्रीरंग_डेंटल

हेमंतराव, आभार. शीट रद्द. माझं एकट्याचं पत्र आज टाइप करतो.

मृणाल, क्लेम पुन्हा निघाल्यावर पेशंटचं काय झालं? तिला आता जास्त भरावे लागले का?

---

मृणाल_फ्रीमॉन्ट

हा प्रश्न मला पत्र पाठवण्याआधीच पडला होता. सवलत निघाली की पेशंटचा वाटा वाढतो, हे खरंच आहे. आमच्या केसमध्ये तिने १६०० च्या एस्टिमेटवर सही केली होती, त्यानुसार तिच्या वाट्याचे ८०० तिने उपचाराच्या दिवशीच भरले होते. ईओबी आल्यावर ते ४२० झाले आणि उरलेले ३८० आम्ही तिच्या खात्यावर जमा ठेवले होते. पत्र पाठवण्याआधी तिला बोलावून ईओबी समोर ठेवला आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, मी ठरलेलेच देणार होते, तुम्ही भांडा. तिची हरकत असती तर मी त्या क्लेमवर भांडले नसते, नेटवर्ककडे पुढच्यासाठी नकार तेवढा नोंदवला असता. पेशंटच्या डोक्यावरून हे भांडण करू नका, एवढं सगळ्यांना कळकळीने सांगते.

---

मंजिरी_प्लेनो

हे फार पटलं. आम्हीही आता एस्टिमेटवर एक ओळ छापतो, की प्लॅनने भाड्याच्या नेटवर्कचा दर लावला तर रक्कम बदलू शकते, आणि बदलली तर आम्ही फोन करू.

---

नेहा_डीडीएस

उशिरा आलेय, पण अगदी माझ्याच कामाचा धागा. मी सॅक्रामेंटोजवळ एका निवृत्त होणाऱ्या डेंटिस्टची प्रॅक्टिस विकत घेतेय. त्यांची जुनी काँट्रॅक्ट्स माझ्या गळ्यात पडणार का?

---

हेमंत_हेल्थलॉ

तुम्ही फक्त मालमत्ता विकत घेऊन स्वतःच्या नव्या टॅक्स आयडीवर काम सुरू करत असाल, तर साधारणपणे त्यांची काँट्रॅक्ट्स तुमच्याकडे येत नाहीत, कारण ती त्या डेंटिस्टच्या नावावर आणि टॅक्स आयडीवर असतात. त्यांचं कॉर्पोरेशनच विकत घेत असाल तर गोष्ट वेगळी, तिथे काँट्रॅक्ट्स मागोमाग येऊ शकतात. व्यवहाराआधी विकणाऱ्याकडून सगळ्या काँट्रॅक्टच्या प्रती, नेटवर्ककडच्या भाडेकरूंच्या याद्या आणि गेल्या वर्षभरातले ईओबी मागा. ईओबीवर जी नेटवर्कची नावं दिसतील ती काँट्रॅक्टच्या प्रतींशी ताडून बघा. कराराची प्रत नसलेलं नाव सापडलं, तर व्यवहार पूर्ण होण्याआधी विकणाऱ्यानेच त्याचं उत्तर मिळवून द्यावं, अशी अट खरेदीच्या करारात घाला.

तुमचं स्वतःचं क्रेडेन्शियलिंग करताना मात्र घाई करू नका. एका छत्राखालच्या नेटवर्कवर एक सही केली की बऱ्याच प्लॅनमध्ये एकदम नाव लागतं, हे सोयीचं म्हणून विकलं जातं. आधी थेट कोणाशी करार करायचा ते ठरवा. एकाच प्लॅनपर्यंत तुम्ही दोन वाटांनी पोचत असाल, तर कुठल्या वाटेचा दर लागेल ते त्या प्लॅनकडून लेखी घ्या. बऱ्याच ठिकाणी थेट करार असेल तर तोच आधी धरतात, पण सगळीकडे नाही.

---

नेहा_डीडीएस

कॉर्पोरेशन नाही, मालमत्ताच घेतेय. ईओबींची मागणी उद्याच ब्रोकरला पाठवते. मृणाल, तुझ्या पत्राचा इंग्रजी मसुदा माझ्या विपूत (विचारपुशीत) टाकशील का?

---

मृणाल_फ्रीमॉन्ट

टाकलाय, बघ. कलमांचे आकडे कॅलिफोर्नियाचे आहेत, तुला तसेच चालतील. बाकी राज्यांतल्यांनी ते बदलून घ्या.